सकाळी ध्यान जमतं, पण उरलेला दिवस हातातून निसटतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: काही महिन्यांपासून तुम्ही रोज सकाळी पंधरा-वीस मिनिटं श्वासावर लक्ष ठेवून बसता. तेवढ्यापुरतं बरं वाटतं. पण उठलात की दिवस नेहमीसारखाच धावतो आणि रात्री लक्षात येतं, की आज दिवसभर आपण कुठेच नव्हतो. अंगवळणी पडलेली कामं झाली, बोलणी झाली, पण आठवत काहीच नाही. मग दिवसभर सजग कसं राहायचं? आणि मन सारखं भरकटतं म्हणजे आपलं काही चुकतंय का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते कळल्याशिवाय पहिल्याचा उपयोग नाही. तुमचं काहीही चुकत नाहीये. मन भरकटणं हा मनाचा धर्मच आहे. २०१० साली मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट या हार्वर्डच्या दोन संशोधकांनी २,२५० प्रौढांना मोबाइलवरून दिवसभरात अधूनमधून विचारलं: आत्ता काय करताय, मन त्याच कामात आहे का, आणि कसं वाटतंय? लोकांचं मन जवळजवळ ४७ टक्के वेळा हातातल्या कामात नव्हतंच. मला त्यातली पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. माणूस काय करतोय, यापेक्षा त्याचं मन तिथे आहे की नाही, यावरून त्याला कसं वाटतंय हे जास्त नीट सांगता येत होतं. मन सुखद विचारांत रमलं असलं, तरीही लोक हातातल्या कामात असतानापेक्षा जास्त आनंदी नव्हते.

मेंदूचा अभ्यास करणारेही हेच सांगतात. समोर विशेष काम नसलं की मेंदू बंद पडत नाही. उलट काही ठरावीक भाग एकत्र कामाला लागतात. मार्कस राइकल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली या स्थितीला मेंदूची मूळ अवस्था म्हटलं. जुन्या आठवणी काढणं, उद्याचं ठरवणं, कोण आपल्याबद्दल काय म्हणालं याचा कीस पाडणं, हे सगळं तिथे चालतं. त्यातलं बरंचसं आपल्या गरजेचंही आहे. म्हणून मनाला शत्रू ठरवून त्याच्या मागे काठी घेऊन लागू नका.

माझं स्पष्ट मत आहे, की ‘दिवसभर वर्तमानात राहायचं’ हे उद्दिष्टच सोडून द्या. ते कुणालाच जमत नाही. वर्षानुवर्षं साधना करणाऱ्यांनाही नाही. तसं ठरवलं, की रात्री हिशेबाला बसल्यावर हाती अपयशच लागतं. आपल्या हातात एकच गोष्ट आहे: मन गेलंय हे लक्षात येणं आणि त्याला परत आणणं. सगळा सराव या परत येण्याचा आहे. विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १८९० सालीच लिहून ठेवलं होतं, की भरकटलेलं लक्ष स्वतःहून पुन्हा पुन्हा मागे आणता येणं हे विवेकाचं, चारित्र्याचं आणि इच्छाशक्तीचं मूळ आहे. त्याने ‘पुन्हा पुन्हा’ म्हटलंय, हे विसरू नका. दिवसात मन हजारदा गेलं आणि तुम्ही पाचदा परत आलात, तर त्या दिवशी पाच वेळा सराव झाला.

परत येताना एक पथ्य पाळा. ‘अरे, परत गेलं!’ असं म्हणून स्वतःवर चिडू नका. बहुतेक लोक इथेच अडकतात. चिडलात की मन त्या चिडण्यातच गुंतून पुन्हा निघून जातं. मन दाबायलाही जाऊ नका. डॅनियल वेगनर यांनी १९८७ साली केलेल्या प्रयोगात लोकांना सांगितलं होतं, की पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका. अस्वल काही डोक्यातून गेलं नाही, आणि नंतर विचार करायची मोकळीक दिल्यावर तर आणखीच जास्त वेळा आलं. ‘विचार चालू होता’ एवढी नोंद घ्यायची आणि शरीराकडे यायचं. रांगतं मूल उंबऱ्याकडे गेलं की आपण त्याला उचलून आत आणतो, रागावत बसत नाही. त्याच हाताने मनाला आणा.

आता मूळ अडचणीकडे वळू. सकाळची बैठक दिवसात का झिरपत नाही? कारण बसलेले असताना तुमच्याकडून कुणाची काही मागणी नसते. डोळे मिटलेले, आवाज कमी, हाताला काम नाही. तिथे मिळवलेलं कौशल्य त्या जागेशी, त्या वेळेशी आणि त्या आसनाशी बांधलेलं राहतं. घाईत, आवाजात, कुणीतरी प्रश्न विचारत असताना ते आपोआप मदतीला येईल, ही अपेक्षा फोल आहे. हालचालीत, बोलण्यात, कामात त्याचा वेगळा सराव करावा लागतो.

ही काही आजच्या लोकांची युक्ती नाही. पाली भाषेतल्या सतिपट्ठान सुत्तात, म्हणजे बुद्धाच्या सजगतेवरच्या उपदेशात, श्वासानंतर लगेच रोजच्या हालचाली येतात. चालताना, उभं राहताना, बसताना, आडवं होताना भान ठेवायला सांगितलंय. पुढे बघताना, हातपाय आखडताना आणि पसरताना, वस्त्र अंगावर घेताना, खाता-पिताना, मलमूत्रविसर्जन करताना, बोलताना आणि गप्प बसतानाही. यातून काहीही वगळलेलं नाही. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात दीर्घकाळ वेदना आणि ताण सोसणाऱ्या रुग्णांसाठी अभ्यासक्रम सुरू केला. पुढे तो आठ आठवड्यांचा म्हणून जगभर पोचला. त्यातही बसण्याच्या जोडीने रोजची साधी कामं लक्षपूर्वक करण्याचा गृहपाठ असतो. माझ्याकडे येणारे बरेच जण तो गृहपाठ किरकोळ समजून सोडून देतात आणि मग तुम्ही विचारलात तोच प्रश्न घेऊन येतात.

सुरुवात कुठून करायची? एकच कृती निवडा. रोज घडणारी, छोटी, आणि तुम्ही न ठरवताही होणारी. मी बऱ्याचदा दाराला कुलूप लावण्याची कृती सुचवते. आपण निघतो, थोडं पुढे जातो आणि मनात येतं, ‘कुलूप लावलं ना?’ कुलूप लावलेलंच असतं. हाताने काम चोख केलेलं असतं, पण त्या वेळी आपण तिथे नव्हतो म्हणून आठवण उमटलेली नसते. आता हीच कृती जागेपणी करून बघा. किल्ली बोटांत आली, तिचा थंडपणा जाणवला. ती छिद्रात शिरताना किंचित अडकली, मग बसली. फिरवताना मनगटावर एका बाजूने ताण आला, पुढे खटका बसल्याचा आवाज आला आणि किल्लीवरचा जोर एकदम सुटला. किल्ली बाहेर काढली, तिचं वजन तळहातात आलं. या सगळ्याला नेहमीइतकाच वेळ लागतो. हळू करायचं नाही, सोहळा करायचा नाही. लक्ष फक्त हातात ठेवायचं. मधेच ‘आज उशीर होणार’ हा विचार आला तर येऊ द्या, तो आला हे कळलं की पुन्हा बोटांकडे या.

पहिले काही दिवस तुम्ही विसराल. कुलूप लावून दूर गेल्यावर आठवेल, की आज लक्ष द्यायचं राहिलंच. ते आठवणंही सरावाचाच भाग आहे. ज्या क्षणी आठवलं, त्या क्षणी जिथे असाल तिथे पायाखालची जमीन जाणवून घ्या आणि पुढे चला. परत जाऊन कुलूप नव्याने लावू नका.

ही एक कृती रुजली, की कामांमधल्या सांध्यांकडे वळा. एक काम संपून दुसरं सुरू होतं ती जागा, म्हणजे बैठक संपून उठणं, फोन ठेवणं, गाडीतून उतरणं, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाणं. २००९ साली सोफी लेरॉय यांनी आपल्या संशोधनात दाखवलं, की एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळलो की लक्षाचा काही भाग आधीच्याच कामात अडकून राहतो आणि नव्या कामात आपण कमी पडतो. हा अनुभव आपल्या सगळ्यांचाच आहे. कार्यालयातला वाद डोक्यात घेऊन घरात शिरलेला माणूस मुलाच्या साध्या प्रश्नाला वाद घातल्यासारखं उत्तर देतो.

सांध्यावर करायचं काय? तळपायांकडे लक्ष न्या. टाचेवर दाब किती, बोटांवर किती, डाव्या-उजव्या पायात फरक आहे का, हे बघा. मग एक श्वास पूर्ण सोडा, म्हणजे बाहेर जाणारा श्वास थोडा लांबू द्या. श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते आणि घेताना वाढते, ही शरीराची साधी यंत्रणा आहे. त्यामुळे लांब उच्छ्वासाने अंग सैल पडायला मदत होते. मग पुढचं काम. सगळं मिळून दहा-पंधरा सेकंद. तळपाय सुचवण्याचं कारण असं, की ते नेहमी हाताशी असतात, कुणाच्या नजरेत येत नाहीत आणि बहुतेकांच्या मनात त्यांच्याबद्दल काही बरंवाईट साठलेलं नसतं. श्वासाचं तसं नाही. ज्यांना धास्ती वाटते, ज्यांना दम्याचा त्रास आहे, त्यांना श्वासाकडे बघितलं की कधी कधी जास्तच घुसमटतं. अशांनी श्वास सोडून द्यावा, तळपाय किंवा तळहात पुरेसे आहेत.

पुढचा भाग सूक्ष्म आहे, पण मला विचाराल तर सगळ्यात फळ देणारा. प्रत्येक अनुभवाला एक चव असते: आवडणारी, नावडणारी किंवा धड ना आवडणारी ना नावडणारी. ती चव लागते आणि क्षणात आपण प्रतिक्रिया देऊन मोकळे होतो. फोन उचलणं हे याचं उत्तम उदाहरण. वाजलेला नसतो, कुणाचा निरोप येणार नसतो, तरी हात खिशाकडे जातो. पुढच्या वेळी हात निघाल्याचं कळलं, तर तो मागे ओढू नका, फक्त क्षणभर थांबवून शरीरात बघा. आत्ता काय नकोसं झालंय? बहुतेक वेळा एक बारीकशी पोकळी सापडते, छातीच्या मधोमध किंवा पोटात वर. कंटाळा असतो, किंवा समोरच्या कामातला अवघड भाग आलेला असतो, किंवा कुणी आपल्याला विचारत नाही असं वाटलेलं असतं. त्याला मनातल्या मनात नाव द्या: कंटाळा, भीती, एकटेपणा. मॅथ्यू लीबरमन यांच्या गटाने २००७ साली केलेल्या प्रयोगात, चेहऱ्यावर दिसणाऱ्या भावनेला शब्द दिल्यावर मेंदूतल्या अमिग्डाला या भागाची हालचाल कमी झालेली दिसली. भीतीसारख्या भावनांशी त्या भागाचा जवळचा संबंध आहे. नाव दिल्यावर हवं तर फोन घ्या. मी फोनबंदी सांगत नाहीये. हात का गेला हे कळून घेतलेला फोन आणि न कळता घेतलेला फोन, यांत फरक पडतो. आणि काही दिवसांनी बऱ्याच वेळा हात आपणहून परत येतो.

आता बोलण्याबद्दल, कारण आपण ‘कुठेच नसतो’ याची सगळ्यात मोठी किंमत आपल्या माणसांना मोजावी लागते. कामात लक्ष नसलं तर काम पुन्हा करता येतं. समोरचा माणूस काहीतरी सांगत होता आणि आपण नव्हतो, तर तो पुढच्या वेळी सांगणंच बंद करतो.

ऐकताना एकच गोष्ट पकडायला शिका: उत्तराची तयारी सुरू होते तो क्षण. समोरचा अजून बोलतोय आणि आपल्या डोक्यात ‘हो, पण’ उमटतं. त्या क्षणाच्या खुणा शरीरात स्पष्ट असतात. श्वास वरच्या वर अडकतो. हनुवटी किंचित पुढे येते. जीभ टाळूला टेकून वाट बघत बसते. ओठांचे कोपरे आवळतात. मान डोलत राहते, पण ती आता ‘कळलं’ म्हणून नाही, ‘आटप’ म्हणून डोलत असते. यातली तुमची खूण कोणती, हे आठवडाभर नुसतं शोधा. ती सापडली की तुमच्याकडे एक घंटा आली. ती वाजली, म्हणजे हनुवटी पुढे आली, की जीभ सैल सोडायची, श्वास खाली जाऊ द्यायचा आणि कान समोरच्या आवाजाकडे न्यायचे. शब्दांच्याही आधी आवाजाकडे. आवाज थकलाय का, दबलाय का, घाईत आहे का? ‘काही नाही, ठीक आहे’ या शब्दांत काहीच नसतं, सगळं आवाजात असतं.

तुमचं उत्तर विसरेल, अशी भीती वाटेल. विसरू द्या. महत्त्वाचं असेल तर परत येईल. समोरच्याचं वाक्य संपल्यावर एक श्वासभर थांबा, मग बोला. पुष्कळदा त्या एका श्वासात समोरची व्यक्ती आणखी एक वाक्य बोलते आणि खरं सांगायचं असतं ते त्या वाक्यात असतं. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी अनेकांनी जे घरी करून पाहिलं आणि टिकवलं, ते हेच. मुलांशी बोलताना तर याचा परिणाम फार लवकर दिसतो.

भांडणात हे जमेल का? सुरुवातीला नाही. राग चढल्यावर सराव सुरू करता येत नाही, आधी केलेला असला तरच तो उपयोगी पडतो. म्हणून साध्या, बिनमहत्त्वाच्या गप्पांत सराव करा. आणि एक सांगते: राग आल्याचं कळणं म्हणजे राग गिळणं नाही. जिथे अन्याय होतोय तिथे ‘मी फक्त साक्षी आहे’ म्हणून गप्प बसणं ही सजगता नव्हे. काय होतंय ते स्वच्छ दिसलं, तर ‘हे मला मान्य नाही’ हे वाक्य आवाज न चढवता, पण ठामपणे म्हणता येतं.

काही गैरसमज भराभर दूर करते. वर्तमानात राहणं म्हणजे उद्याचा विचार न करणं नव्हे. नियोजन करताना नियोजन करतोय हे माहीत असलं की झालं. सगळं संथपणे करणं म्हणजेही सजगता नव्हे, धावतानाही भान असू शकतं. चालताना गाणी ऐकली तर पाप लागत नाही. आणि हे केल्यावर शांत वाटलंच पाहिजे असंही नाही. कधी कधी लक्ष दिल्यावर आतली अस्वस्थता आधी जास्त जाणवते. ती नव्याने आलेली नसते, आधीपासून तिथेच असते.

यातून किती फायदा होतो, याबद्दल अवास्तव दावे फार होतात, म्हणून जेवढं माहीत आहे तेवढंच सांगते. २०१४ साली ध्यानावरच्या ४७ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात चिंता, नैराश्य आणि वेदना थोड्या कमी होतात, याला मध्यम दर्जाचा पुरावा मिळाला. पण व्यायाम किंवा औषधांसारख्या इतर उपायांपेक्षा ध्यान सरस आहे, असं दिसलं नाही. नैराश्य पुन्हा पुन्हा येणाऱ्यांसाठी सीगल, विल्यम्स आणि टीसडेल यांनी सजगतेवर आधारलेली उपचारपद्धती तयार केली. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत तीन किंवा अधिक झटके येऊन गेलेल्या रुग्णांमध्ये आजार उलटण्याचं प्रमाण ठळकपणे घटलं. तेव्हा हे उपयोगी नक्कीच आहे, पण रामबाण नाही. चालू औषधं याच्या भरवशावर बंद करू नका.

आणि काही जणांना याचा त्रासही होतो. मोठा आघात सोसलेल्यांना डोळे मिटून शरीराकडे बघितल्यावर जुने प्रसंग उसळून येऊ शकतात, बधिरपणा येऊ शकतो, झोप उडू शकते. ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ साली अशा अनुभवांची सविस्तर नोंद केली. तुमच्या प्रश्नात तसं काही दिसत नाही, पण हे वाचणाऱ्या कुणाला तसं होत असेल तर नेट लावून बसत राहू नका. डोळे उघडे ठेवा, वेळ कमी करा, लक्ष बाहेरच्या गोष्टींकडे वळवा. त्रास चालूच राहिला तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा.

तुम्ही रात्री हिशेब करता, तर मापही बदला. आज किती वेळ सजग होतो, हे विचारू नका. त्याऐवजी बघा, की हरवल्यावर कळायला किती वेळ लागला. आधी रागाचं भान दुसऱ्या दिवशी यायचं. मग त्याच संध्याकाळी येतं, मग भांडण संपताक्षणी, आणि एखाद्या वेळी वाक्य तोंडातून बाहेर पडायच्या आधी. प्रगती असते ती अशी. ती सरळ रेषेत होत नाही, थकवा आणि अपुरी झोप असेल तर दोन पावलं मागेही जाते.

पुढचे दोन आठवडे दोनच गोष्टी करा. कुलपाची कृती, किंवा तुमच्या दिवसात बसेल अशी दुसरी कुठलीही एक, आणि रोज एका संभाषणात तुमची ‘उत्तर तयार होतंय’ ही खूण शोधणं. सांधे आणि फोन त्यानंतर घ्या. सगळं एकदम सुरू केलंत तर आठवड्यात सुटेल.

सकाळची बैठक चालू ठेवा, पण तिचा शेवट बदला. शेवटची दोन-तीन मिनिटं डोळे उघडे ठेवून बसा. समोरचं दिसू द्या, आवाज ऐकू येऊ द्या आणि श्वासही जाणवू द्या. मग उठताना मांड्यांवर येणारा भार, पहिलं पाऊल, दुसरं पाऊल असं करत दिवसाच्या पहिल्या कामापर्यंत लक्ष शरीरातच ठेवून चालत जा आणि ते काम सुरू करा. बैठक संपल्याची खूण म्हणून घड्याळ किंवा फोन बघत असाल, तर तेवढं त्या कामानंतर करा.